कमलबाईंच्या मांडीवरचा कालबूत

मित्रांनो, टोपी माणसाच्या डोक्यावर जाण्याआधी माझ्या डोक्यावर चढते. म्हणजे, चढायची. मी एक जुना कालबूत आहे. पातीच्या टोपीला घाट देण्यासाठी जो लाकडी ठोकळा लागतो, त्याला कालबूत म्हणतात. मी वरून गोल आहे, बुडाला सपाट आहे आणि तेल पिऊन पिऊन आता काळपट झालो आहे. सुताराने मला नाक-डोळे कोरले नाहीत, तोंडही दिलं नाही. म्हणून आमच्या तेरखेडा गावातली पोरं मला 'लाकडी डोस्कं' म्हणतात. या नावाचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण एकदा मात्र तोंड नसल्याचं मला फार फार वाईट वाटलं.

माझा जन्म परसातल्या कडुलिंबाच्या ओंडक्यातून झाला. लिंब वाऱ्याने पडला, तेव्हा घरच्या मोठ्या बाई जगदेवी यांनी त्याचं सगळं सरपण होऊ दिलं नाही. घरातल्या झाडून साऱ्या पुरुषांची डोकी त्यांनी सुतळीने मोजली आणि सुताराला सांगितलं, "लई मोठं नको, लई लहान नको. समद्यांच्या मधलं कर." त्यामुळे मी कुणा एकाचं डोकं झालो नाही. साऱ्या घराचं मिळून एक डोकं झालो.

पुढे त्यांच्या उत्तरेश्वर नावाच्या मुलाचं लग्न झालं आणि कमलबाई या घरात सून म्हणून आल्या. सासूने मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "लेकरू यील तवा यील. आदी ह्याला सांभाळ." त्या दिवसापासून मी कमलबाईंचा झालो.

गावातल्या बायका ओढ्याकाठच्या शिंदीची कोवळी पाती वाळवून त्यांच्या पट्ट्या विणायच्या आणि पट्टीला पट्टी शिवून टोपी आमच्याकडे धाडायच्या. ती कच्ची टोपी बघाल तर हसाल. नुकत्या झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारखी तिची टोकं चहूकडे उभी असायची, आणि ठेवावी तिकडे ती कलंडायची. तिथून पुढचं सगळं काम कमलबाईंच्या हाताचं. त्या कामाला त्यांचा स्वतःचा शब्द होता. लेक उजवतात, म्हणजे तिचं लग्न लावून देतात ना? तसं त्या म्हणायच्या, "आज चार टोप्या उजवल्या."

आधी टोपी ओल्या गोणपाटात गुंडाळून मऊ करायची. मग माझ्यावर चढवून दोन्ही तळव्यांनी खाली ओढायची आणि सुतळीने माझ्या गळ्याशी आवळून बांधायची. पितळी तांब्यात निखारे घालून तो तांब्या टोपीवरून फिरवायचा, म्हणजे पात बसते. त्याची ऊब मला आतपर्यंत जाणवायची. टोपी वाळली की लहान कातरीने वर आलेलं एकेक टोक कापायचं, पण शिवण दुखवायची नाही. काही टोकं कापायची नसतात, ती सुईने आत लपवायची असतात. कोणतं टोक कापायचं आणि कोणतं लपवायचं, हे त्या डोळ्यांनी बघत नसत. अंगठा फिरवत. मग काठाला जुन्या लुगड्याची पट्टी शिवायची, आत घामासाठी मऊ कापड लावायचं, हनुवटीखाली बांधायला नाडी लावायची आणि शेवटी लिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची, म्हणजे कीड लागत नाही. इतकं झालं की टोपी उन्हाकडे धरून आतून बघायची. कुठे कवडसा आलाच, तर परत सुई.

तेरखेड्यात फटाक्यांची कामं चालतात. माल वाळत घालणाऱ्या बाया दिवसभर उन्हात असतात. त्यांच्या डोक्यांवर आमच्या टोप्या असायच्या. उसाच्या फडात, कांद्याच्या वाफ्यात, येडशीच्या बाजारात आमच्या टोप्या असायच्या. एकदा धाराशिवच्या प्रदर्शनात एका बाईंनी टोपी उलटीपालटी केली आणि विचारलं, "ह्यातली सुलटी बाजू कोणती?" कमलबाई लाजल्या. घरी येऊन त्यांनी ते उत्तरेश्वरांना सांगितलं, मग शेजारणीला सांगितलं, आणि मग कुणी नव्हतं म्हणून मला सांगितलं. दोन्ही बाजू सारख्याच सुबक झाल्या होत्या, याहून मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नाही.

हळूहळू बियाण्यांच्या कंपन्या कापडी टोप्या फुकट वाटू लागल्या. आमची मागणी घटली. विणणाऱ्या बायकाही कमी झाल्या. मी पूर्वीसारखा रोज भिजेनासा झालो. पण बाजारात माल नेणारी महेश्वरी अजून थोड्या टोप्या न्यायची, आणि कमलबाई अजून त्या उजवायच्या. म्हणून मी त्याचं दुःख केलं नाही. दुःख निराळ्याच वाटेने आलं.

एका सकाळी कमलबाईंनी एक टोपी माझ्यावर चढवली. ती टोपी त्यांनीच आदल्या दिवशी पुरी केली होती. काठ शिवलेला होता, नाडी लावलेली होती. त्यांनी ती पुन्हा ओली केली, पुन्हा बांधली आणि कातर हातात घेतली. अंगठा फिरत राहिला. कापायला टोकच नव्हतं. तो थांबला, परत फिरला, परत थांबला. आणि मग कातरीने शिवणच कापली.

माझ्या डोक्यावर ती टोपी उसवत गेली. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. उत्तरेश्वरांच्या आधी, मुलाच्या आधी, डॉक्टरांच्याही आधी. मी काय करणार होतो? मी लाकूड. मी नुसता बसून राहिलो आणि त्या बोटांखाली पट्टीमागून पट्टी सुटत गेली.

पुढच्या आठवड्यात महेश्वरी टोप्या परत घेऊन आली. एकीची नाडी वरच्या बाजूला शिवली होती. दुसरीचा काठ अर्धाच होता.

"काका," ती उत्तरेश्वरांना ओट्यावर नेऊन हळू आवाजात म्हणाली, "काकूंचं काईतरी बिनसलंय. ह्या त्यांच्या हातच्या वाटत न्हायत."

"चष्म्याचा नंबर वाढला असंल," उत्तरेश्वर म्हणाले.

"काकू कवा चष्म्यानं शिवत हुत्या?"

उत्तरेश्वर परत आलेल्या टोप्या उलटून पाहू लागले. त्यांनाही बरंच दिसलं होतं. पिठाच्या डब्यात मीठ, चुलीवर रिकामं भगुलं, सकाळी दोनदा झालेली आंघोळ. पण जे बोललं जात नाही ते खरं होत नाही, असं त्यांना वाटत असावं. अखेर ते कमलबाईंना बार्शीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर पुण्यात नोकरीला असलेल्या कृष्णराजला, म्हणजे त्यांच्या मुलाला, फोनवर सांगत होते ते मी ऐकलं. "इसरायचा आजार हाय म्हणं. गोळ्यांनी जरा दम धरंल. पर मागं फिरायचा न्हाय." मग बराच वेळ ते नुसतेच "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

तेव्हापासून घरातलं सगळं उत्तरेश्वर करू लागले. दसऱ्यानंतरच्या एका तापत्या दिवशी ते ज्वारी दळायला गिरणीत गेले. कमलबाईंनी जुन्या लुगड्याचं एक धडपं पसरलं. त्यात कातर ठेवली, सुया ठेवल्या, दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि मला ठेवलं. गाठोडं बांधून लेकरासारखं कडेवर घेतलं आणि त्या निघाल्या.

वाटेत शेजारीण भेटली. "काकू, कुठं निघालात?"

"बाजारला," कमलबाई म्हणाल्या. इतकं सहज म्हणाल्या की शेजारणीने मागे वळूनही पाहिलं नाही. त्या दिवशी बाजार नव्हता, हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

मित्रांनो, मला घर ठाऊक होतं. वळण कुठे चुकलं तेही ठाऊक होतं. मोठ्या रस्त्यावर एसटी थांबली. कंडक्टरने विचारलं, "कुठं, आज्जी?" आणि त्या म्हणाल्या, "येडशीला सोड. तितनं गाडीनं ढोकीला जायचं. माहेराला." कंडक्टरने चांगल्या मनाने हात धरून त्यांना वर घेतलं. त्याची काय चूक? माहेरी निघालेल्या बाईला कोण अडवतं? गाठोड्याच्या फटीतून मी मागे पडणारं गाव पाहत होतो. येरमाळा आलं आणि गेलं. दर थांब्यावर मला वाटे, आता कुणीतरी ओळखीचं चढेल. कुणी चढलं नाही.

येडशीला उतरून त्या विचारत विचारत रेल्वेच्या ठेसनावर गेल्या. वाटेत एका चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल त्यांनी तिथेच सोडली आणि एक पाय डांबरावर भाजत तशाच चालत राहिल्या. फलाटावर पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि घाम माझ्या धडप्यात झिरपत होता.

त्यांना छोटी गाडी हवी होती. पूर्वी त्या मार्गावर अरुंद रुळांची, हळू चालणारी लहान गाडी होती. त्या माहेरवाशीण असताना तीच त्यांना ने-आण करायची. ती बंद होऊन किती काळ लोटला! आता मोठ्या, लांबलचक गाड्या येतात. एक आली. कमलबाई उठल्या, बघितलं आणि परत बसल्या. "ही न्हाय," त्या मला म्हणाल्या. "आपली लहान हाय."

थोड्या वेळाने त्या उठून फलाटाच्या अगदी काठाशी गेल्या आणि गाडी दिसते का ते वाकून बघू लागल्या. मी त्यांच्या कडेवर होतो. लिंबाचं लाकूड जड असतं. माझ्याच वजनाने त्यांचा तोल पुढे जात होता. खाली रूळ उन्हात चमकत होते. दुरून मालगाडीची शिट्टी ऐकू आली, मग फलाट थरथरू लागला. कमलबाई आणखी वाकल्या. त्यांना वाटलं, तीच आली.

त्या क्षणी मला गळून पडता आलं असतं, तर मी पडलो असतो. ओझं तरी हलकं झालं असतं. पण गाठ त्यांनी पक्की बांधली होती. त्यांच्या सगळ्याच गाठी पक्क्या असायच्या.

मागून कुणीतरी त्यांचा पदर धरून खसकन ओढलं. त्या मागे येऊन फलाटावर बसल्या, मी त्यांच्या मांडीवर आदळलो, आणि मालगाडी आमच्यासमोरून धडधडत जाऊ लागली. ती संपेपर्यंत पदर ओढणाऱ्या बाईने पदर सोडला नाही.

ती सीताफळं विकणारी बाई होती, श्रीदेवी नावाची. पाटी तशीच टाकून धावली होती. तिने कमलबाईंना सावलीत नेलं, पाणी पाजलं आणि विचारलं, "मावशी, कुठं जायचं?"

"ढोकीला. छोटी गाडी आता यील."

"छोटी गाडी? ती बंद हून जमाना झाला, मावशी. तुमच्या संगं कोन हाय?"

कमलबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "हे हाय की."

श्रीदेवीने गाठोड्यात डोकावलं आणि मला पाहिलं. गाव विचारलं, नाव विचारलं, मुलाचं नाव विचारलं. कमलबाई प्रत्येक प्रश्नाला तोंड उघडायच्या आणि उत्तर न सापडून मिटायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला सांगता येणार नाही. नाव माझ्यापाशी होतं. तेरखेडा, उत्तरेश्वर, कृष्णराज, सगळं माझ्यापाशी होतं, आणि मला तोंड नव्हतं.

प्रश्न टाळायला म्हणून की काय, कमलबाईंनी श्रीदेवीच्या डोक्याकडे पाहिलं. उन्हासाठी तिने पातीची टोपी घातली होती. जुनी झाली होती, काठाची पट्टी लोंबत होती.

"आण हिकडं," कमलबाई म्हणाल्या. "काठ सुटलाय."

त्यांनी मला धडप्यातून काढून मांडीवर घेतलं. टोपीवर पाणी शिंपडून ती माझ्यावर चढवली, तळव्यांनी ओढली. सुईत दोरा ओवला. आणि मित्रांनो, किती तरी महिन्यांनी त्या अंगठ्याला वाट सापडली. तो काठावरून फिरू लागला. टोक आलं की थांबे. हे कापायचं. हे लपवायचं. एकदाही चुकला नाही. त्या हाताखाली मी असा बसलो होतो, जणू काही झालंच नव्हतं.

श्रीदेवी बघत राहिली. तिची गाडी आली, फलाटावर लोक उतरले-चढले, गाडी निघूनही गेली. ती पाटी घेऊन उठली नाही. मग एकाएकी तिने फोन काढला. ही टोपी तिने येडशीच्या बाजारात शेजारी बसणाऱ्या महेश्वरीकडूनच घेतली होती.

"महेश्वरे," ती म्हणाली, "तू टोप्या इकती, त्या कोन करतं गं? हितं एक म्हातारी मावशी बसलीय. काई आठवना तिला. पर टोपी अशी शिवतीय... व्हय, मांडीवर लाकडाचं डोस्कं हाय. तू वळखती? मग घरी कळीव लगोलग. म्या हितंच हाय. उठत न्हाय."

उत्तरेश्वर शेजाऱ्याच्या टेम्पोतून आले, तेव्हा उन्हं कलली होती. ते सारं गाव, विहिरी, ओढा धुंडाळून आले होते. धोतर चिखलाने भरलं होतं. फलाटावर धावत येताना त्यांनी कमलबाईंना पाहिलं आणि ते जागीच थांबले.

"आगं," ते म्हणाले.

कमलबाईंनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग श्रीदेवीकडे वळून विचारलं, "हे कोन? गिऱ्हाईक हाय का?"

श्रीदेवी म्हणू लागली, "मावशी, आवं हे तर तुमचे..." उत्तरेश्वरांनी हात वर करून तिला थांबवलं. डोक्यावरचा पटका काढून त्यांनी तोंड पुसलं आणि ते कमलबाईंच्या समोर फरशीवर बसले.

"व्हय, बाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईकच हाय. टोपी झाली का, बगाया आलतो."

"जराशी ऱ्हायलीय. बसा."

"बसतो की."

टेम्पोवाल्याने दुरून हाक मारली. उत्तरेश्वरांनी मागे पाहिलं नाही. कमलबाईंनी काठ पुरा केला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि टोपी श्रीदेवीच्या हातात दिली. मग उत्तरेश्वर म्हणाले, "आमच्याकडं आनिक टोप्या हायत उजवायच्या. याल का, बाई? गाडी आनलीय." कमलबाईंनी जरा विचार केला. मला धडप्यात गुंडाळलं आणि अनोळखी गिऱ्हाइकाच्या मागे मागे त्या आपल्याच घरी आल्या. टेम्पोत उत्तरेश्वर त्यांच्या शेजारी थोडं अंतर ठेवून बसले होते, परक्या माणसाने बसावं तसे.

दुसऱ्याच दिवशी कृष्णराज पुण्याहून आला. घाबरला होता बिचारा. आईसमोर बसून तो विचारू लागला, "आई, मला ओळखलंस? मी कोण? सांग बघू. नीट बघ ना माझ्याकडं." कमलबाईंचे दोन्ही हात माझ्यावर होते. त्यांची बोटं माझ्या लाकडात रुतू लागली. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाची मान जाते, तशी त्यांची मान खाली गेली.

"किस्ना," उत्तरेश्वर म्हणाले, "तिची परीक्षा घिऊ नगंस."

"आबा, पण आठवायला नको का तिला?"

"तिला न्हाय आठवत. तुला तर आठवतंय न्हवं? मग तूच सांग की. म्हण, आई, म्या किस्ना, जेवाया आलोय."

कृष्णराजने तसं म्हटलं. म्हणताना त्याला रडू आलं. कमलबाईंची बोटं सैल झाली. त्या म्हणाल्या, "मग बस की. उबा का?"

कृष्णराजने त्यांना पुण्याला नेण्याचं बोलून पाहिलं. उत्तरेश्वर म्हणाले, "तितं तिच्या वळखीचं काय हाय?" पण इथे तरी आता त्यांच्या ओळखीचं काय उरलं आहे, ते उत्तरेश्वर बोलले नाहीत.

पुढे गावातल्या उरल्यासुरल्या बायकांनीही टोप्या विणणं थांबवलं. मग उत्तरेश्वरच घरातल्या एका टोपीचा काठ उसवून कमलबाईंसमोर ठेवू लागले. त्या शिवायच्या, ते नजरेआड परत उसवायचे. असं बरेच महिने चाललं. पण आजार मागे फिरला नाही. या उन्हाळ्यात त्यांच्या हातातली सुई दोनदा गळून पडली, आणि तिसऱ्यांदा त्यांनी ती उचललीच नाही. कातर उत्तरेश्वरांनी उंच फळीवर ठेवून दिली. ज्या अंगठ्यावर माझा सगळा भरवसा होता, तो आता माझ्यावर नुसता पडून असतो.

मित्रांनो, मला तेल लावा, ऊन-वाऱ्यापासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाकडाचं काय, कोपऱ्यातही निभतं. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस विसरू लागलं, तर त्याला 'मी कोण, सांग बघू' असं विचारू नका. आपलं नाव आपणच सांगा. त्याच्या हाताला जे काम ठाऊक होतं, ते त्याच्या हातात राहू द्या, बिघडलं तरी चालेल. आणि उन्हात एकटं कुणी गाठोडं घेऊन निघालेलं दिसलं, तर दोन शब्द जास्त विचारा. गाठोड्यातल्या वस्तूंना सगळं ठाऊक असतं, पण त्या बोलत नाहीत.

रोज सकाळी न्याहारी झाली की उत्तरेश्वर पायात चप्पल घालतात, पुढच्या दाराने बाहेर पडतात, आणि अंगणातून फिरून येऊन उंबऱ्याशी उभे राहतात. "बाई," ते विचारतात, "माझी टोपी झाली का?"

कमलबाई माझ्याकडे बघतात. माझ्यावर टोपी नसते. त्या माझ्या उघड्या डोक्यावरून दोन्ही हात सावकाश फिरवतात.

"ऱ्हायलीय थोडी," त्या म्हणतात. "उद्या या."

"बरं," उत्तरेश्वर म्हणतात, "उद्या येतो." आणि चप्पल काढून ते घरात येतात.